दोघांची चूल



आज वर्गाला गर्दी चांगली आहे. दारापाशी काही आयाबहिणी उभ्या आहेत. त्यांनी आत यावे, सतरंजीवर बसावे. आज फळ्यावर नवे अक्षर काढायचे नाही. आज आम्ही तुमच्याशी एका साध्या गोष्टीवर बोलणार आहोत. ती गोष्ट म्हणजे रात्रीचे जेवण. तेही दोन माणसांचे.

तुम्ही म्हणाल, "गुर्जी, यात बोलायचं काय? चूल पेटवली, भाकरी टाकली, झालं जेवण." आम्हीही पूर्वी असेच म्हणत होतो.

पण आपल्या गावाकडे जरा बघा. एके काळी एकेका घरात दहा-बारा माणसे जेवत. चुलीवरचा तवा खाली उतरत नसे. आता थोरला पुण्याला, धाकटा मुंबईला, लेक सासरी. मागे घरात उरतात दोघे. मग दिवेलागणीला घरोघर एकच वाक्य ऐकू येते, "दोघांसाठी कशाला चूल पेटवायची?"

मंडळी, या एका वाक्याने आमचे घर बुडायला आले होते. ते कसे, ते आधी सांगतो.

आमच्या घरची गोष्ट

आम्ही १९७४ सालचे जुने मॅट्रिक. १९७८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि २०१६ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. अडतीस वर्षे नोकरी केली. या अडतीस वर्षांत रात्री आठ वाजता आमच्यापुढे ताट येत असे. ताटात गरम भाकरी, कालवण, कांदा. आम्ही जेवून उठत असू. आमच्यानंतर आमची कारभारीण काय जेवत होती, केव्हा जेवत होती, हे आम्ही कधी विचारले नाही.

आम्ही निवृत्त झालो. मुले शहरात गेली. घरात दोघेच राहिलो. कारभारीण सकाळी एकदाच स्वयंपाक करू लागली. संध्याकाळी आमच्यासाठी सकाळची भाजी गरम करून दोन भाकरी टाकायची. स्वतः म्हणायची, "मला भूक नाही. मी चहाबरोबर काहीतरी खाल्लं." ते काहीतरी म्हणजे चहा आणि बिस्किटे. नाहीतर सकाळचा भाकरीचा कोर.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, २०१९ साली, एका सकाळी ती गोठ्यात चक्कर येऊन पडली. आम्ही तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले. बाईमाणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२ असावे. तिचे ८ निघाले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, या रात्री काय जेवतात?"

आम्हाला उत्तर आले नाही.

मंडळी, हे तुम्हाला सांगायला आम्हाला आजही जड जाते. शाळेत आमच्यापुढे १२० मुले दुपारी खिचडी खात. शाळेत शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला, तेव्हापासून ते काम आमच्या गळ्यात आले. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ. आम्ही तांदूळ वजन करून देत होतो. वहीत मांडत होतो. खिचडी आधी स्वतः चाखत होतो. कोणा पोराने ताट अर्धे टाकले तर त्याला जवळ बोलावून विचारत होतो, "काय रे, बरं नाही का?" १२० मुलांच्या पोटाचा हिशेब आमच्या वहीत होता. घरातल्या एका माणसाचा नव्हता.

परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे आम्ही तिथे खाली मान घालून बसलो.

आमचे घर एकटे नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली. तीत १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे इथे बसलेल्या दोन बायांमागे एक तरी. याची कारणे अनेक आहेत. पण मागाहून जेवायचे, उरलेसुरले जेवायचे, नाहीतर जेवायचेच नाही, हेही त्यातलेच.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "गोळ्या सोडू नका. पण नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. रोज रात्री ताजे, साधे जेवा. दोघे एकत्र बसून जेवा." आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "यांना पंधरा दिवस चुलीपाशी जाऊ देऊ नका."

आली का पंचाईत? चुलीपाशी जाणार कोण? आम्हीच.

पहिली खिचडी

आम्हाला १२० मुलांची खिचडी करवून घेता येत होती. दोघांची येत नव्हती. हसू नका. थोडे रांधणे हे जास्त रांधण्याहून अवघड आहे.

पहिल्या दिवशी आम्ही मोठे पातेले घेतले. त्यात अंदाजाने तांदूळ टाकले, अंदाजाने पाणी घातले. पाणी आटून गेले आणि तांदूळ कच्चे राहिले. खाली करपले. मीठही जास्त पडले. कारभारीण अंथरुणातून म्हणाली, "अहो, वास येतोय." आम्ही म्हणालो, "कळलं."

नंतर विचार केला तेव्हा चूक सापडली. मोठ्या पातेल्यात थोडे अन्न शिजवले की ते तळाशी पसरते. वाफ भराभर निघून जाते आणि पाणी लवकर आटते. म्हणून दोघांच्या स्वयंपाकाचा पहिला नियम असा: भांडे लहान घ्यावे आणि वर झाकण ठेवावे. दुसरा नियम: डोळ्यांनी अंदाज करू नये. दहा माणसांच्या आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडले तर कळत नाही. दोघांच्या आमटीत लगेच कळते. म्हणून एक वाटी आणि एक चमचा ठरवून टाकावा. रोज त्याच वाटीने, त्याच चमच्याने मापावे. चार दिवसांत माप हातात बसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही माप ठरवले. ते असे:

तांदूळ १ वाटी. मुगाची डाळ अर्धी वाटी. दोन्ही निवडून, धुऊन अर्धा तास भिजत घालावे. भिजलेले लवकर शिजते, गॅस वाचतो. लहान पातेल्यात दोन चमचे तेल तापवावे. मोहरी, जिरे, हिंग, हळद घालून फोडणी करावी. एक कांदा चिरून परतावा. घरात असेल ते टाकावे. टोमॅटो, बटाटा, गाजर, मटारचे दाणे, काहीही चालते. मग तांदूळ-डाळ टाकून दोन मिनिटे परतावी. साडेचार वाट्या गरम पाणी आणि एक लहान चमचा मीठ घालावे. उकळी आली की आच बारीक करून झाकण ठेवावे. वीस-पंचवीस मिनिटांत खिचडी होते. लहान कुकर असेल तर तीन शिट्ट्या पुरतात. मात्र कुकरात पाणी चार वाट्याच घालावे. दात गेले असतील तर अर्धी वाटी पाणी वाढवावे.

आता ही खिचडी सकस का? तांदळाच्या प्रथिनात जे थोडे उणे असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे उणे, ते तांदळात असते. दोघे एकत्र आले की एकमेकांचे उणे भरून काढतात. भाकरी आणि पिठले, भात आणि आमटी, यांचेही असेच आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तके वाचली नव्हती, पण जोड्या मात्र नेमक्या लावल्या होत्या. नवरा-बायकोचा संसारही असाच चालतो, नाही का?

हिशेब मांडा

आता वह्या काढा. आपण लिहायला शिकलो ते कशासाठी? हिशेबासाठीच ना? आपण खिचडीचा हिशेब मांडू. भाव रोज बदलतात, तेव्हा हे भाव फक्त उदाहरणासाठी धरू. तुम्ही आपल्या दुकानातले भाव घाला.

तांदूळ १३० ग्रॅम. किलोला ५० रुपये धरले तर साडेसहा रुपये. मुगाची डाळ ७० ग्रॅम. किलोला ११० रुपये धरले तर ७ रुपये ७० पैसे. तेल, मीठ, मोहरी, हळद मिळून अडीच रुपये. कांदा-टोमॅटो ५ रुपये. बेरीज करा. २१ रुपये ७० पैसे. गॅस सोडून एवढ्यात दोघांचे पोटभर जेवण झाले. माणशी अकरा रुपयेसुद्धा नाहीत.

आता दुसरीकडे बघा. दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा, अर्धा लिटरभर दुधातला चहा, वर दुकानातले फरसाण. खर्च तेवढाच, नाहीतर जास्तच. पोट मात्र तासाभरात रिकामे. बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. त्याने रक्त कसे वाढणार?

रेशनचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. दोघांचे १० किलो. ३० दिवसांनी भागा. रोजचे ३३३ ग्रॅम होते. म्हणजे दोघांच्या रात्रीच्या जेवणाचे धान्य घरात येऊन पडलेले आहे. आता डाळ, भाजी आणि थोडी हौस, एवढेच आपल्याला घालायचे.

गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीवर तसे लिहिलेले असते, ते आता तुम्हाला वाचता येते. नवी टाकी लावली की त्या दिवशीची तारीख खडूने भिंतीवर लिहावी. टाकी संपली की दिवस मोजावेत. डाळ भिजवणे, झाकण ठेवणे, उकळी आल्यावर आच कमी करणे, या तीन सवयींनी आमची टाकी पूर्वीपेक्षा बारा दिवस जास्त चालली. हे आम्ही भिंतीवर वाचून सांगतो आहोत.

भाकरी आणि पिठले

आता भाकरीचे बोलू. इथे बसलेल्या बाया आम्हाला भाकरीचे सांगू देणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हे गडीमाणसांसाठी.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवावे आणि तळहाताने रगडून मळावे. पीठ ताजे असावे. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते. दोघांसाठी दळण पाच किलोचे आणू नये, दोन-अडीच किलोचेच आणावे. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवावी आणि वरून पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकले की उलटावी. खालची बाजू भाजली की तवा बाजूला करून जाळावर शेकावी. मग फुगते.

आम्ही पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले. मुलांना अपूर्णांक शिकवायला ती बरी होती. महिन्याभराने गोल येऊ लागली. जमेपर्यंत तुकडेही पोटातच जातात, काही वाया जात नाही.

भाकरीबरोबर पिठले. अर्धी वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ एक वाटी गार पाण्यात कालवावे. गुठळी राहू देऊ नये. चमचाभर तेलात मोहरी, जिरे, पाच-सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा, हळद अशी फोडणी करावी. त्यात एक वाटी पाणी आणि मीठ घालून उकळी आणावी. मग कालवलेले पीठ बारीक धारेने सोडावे आणि दुसऱ्या हाताने हलवत राहावे. झाकण ठेवून बारीक आचेवर पाच-सात मिनिटे शिजू द्यावे. वर कोथिंबीर. बरोबर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड.

हुलग्याचे पीठ असेल तर त्याचेही असेच होते. माणदेशात हुलगा आपला हक्काचा आहे. थोड्या पाण्यावर येतो, आणि भारी डाळींहून काही कमी नाही.

आमच्या वयाच्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्या वेळी आमची आई म्हणायची, "पिठल्याला नावं ठेवू नगा रं, ते बी दिस येतील." ते दिवस आले. आज पिठले-भाकर आपल्याला परवडते आणि तीच आपण सोडून देतो आहोत, याचे वाईट वाटते.

उसळ आणि पालेभाजी

उसळीला पैसे कमी लागतात, पण आठवण जास्त लागते. बुधवारी रात्री उसळ खायची तर मंगळवारी सकाळी मटकी भिजत घालावी. अर्धी वाटी पुरे. भिजून, मोड येऊन ती दुपटीहून जास्त होते. दिवसभर भिजली की रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. उन्हाळ्यात रात्रीतून मोड येतात. थंडीत वेळ लागतो, मग फडके उबेला ठेवावे. मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व तयार होते, आणि ते पचायलाही हलके होते.

करायची रीत सोपी. कांद्याची फोडणी, त्यात मटकी, घरचा कांदा-लसूण मसाला, मीठ आणि एक वाटी पाणी. झाकण ठेवून पंधरा मिनिटे. वरून दोन चमचे शेंगदाण्याचे कूट. ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे. लिंबू शेवटी का? क जीवनसत्त्व फार उकळले की नासते. आणि आंबटाबरोबर खाल्ले की डाळी-भाज्यांतले लोह अंगाला जास्त लागते.

पालेभाजीचेही नीट ऐका. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, जी स्वस्त असेल ती आणावी. आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की तिचा कस पाण्याबरोबर मोरीत जातो. शिजवून पाणी ओतून देऊ नये. भिजवलेली मूठभर मूगडाळ घातली की एका जुडीत दोघांचे भागते आणि प्रथिनेही मिळतात. भाजी लोखंडी कढईत करावी, थोडे लोह त्यातूनही मिळते. पण झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते.

आणि एक कडू गोष्ट सांगतो. जेवणावर लगेच चहा पिऊ नका. चहा अन्नातले लोह अंगाला लागू देत नाही. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा. आमची कारभारीण चहा आणि भाकरीचा कोर एकत्रच खात होती. म्हणजे आधीच थोडे, त्यातून तेही वाया.

मिठाचेही माप लक्षात ठेवा. माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या वर मीठ नको. म्हणजे एक लहान सपाट चमचा, दिवसभराचे सगळे मिळून. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे. रक्तदाब असेल त्यांनी तर जपावेच.

उरले तर काय?

दोघांच्या घरात उरते फार. भाकरी उरली तर सकाळी कुस्करून फोडणी द्यावी, वर दही-ताक घ्यावे. डाळ उरली तर झाकून गार जागी ठेवावी, सकाळी खळखळ उकळूनच खावी. वास-चव बदलली असेल तर मोह धरू नये. शिजवलेला भात मात्र रात्रभर उबेत ठेवून सकाळी खाऊ नये. भातात काही जंतू असे वाढतात की त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात मोजूनच टाकावा. उरलाच तर लगेच कोंबड्यांना, गुरांना थोडा थोडा घालावा. उरलेले संपवायचे म्हणून घरातल्या बाईने ते खायचे, ही चाल मात्र बंद करा. बाई म्हणजे उरलेल्या अन्नाची टोपली नव्हे.

आमच्या स्वयंपाकघरात एक जुनी पाटी टांगली आहे. तीवर सात दिवसांची रात्रीची जेवणे लिहिली आहेत. अक्षर कारभारणीचे आहे. ती चौथी शिकलेली. पाटी अशी आहे:

सोमवार: मुगाची खिचडी, ताक.
मंगळवार: ज्वारीची भाकरी, पिठले, कांदा.
बुधवार: मटकीची उसळ, भाकरी.
गुरुवार: तुरीची आमटी, भात, काकडी किंवा गाजर.
शुक्रवार: डाळ घालून पालेभाजी, भाकरी.
शनिवार: थालीपीठ, दही.
रविवार: बाजारात स्वस्त मिळेल ते. वांग्याचे भरीत. खाणाऱ्यांनी अंडी.

"आज काय करू?" हा प्रश्न पाटीने संपवला. आणि पाटीवर नाव लिहिले की ते चुकवता येत नाही. शाळेच्या वेळापत्रकासारखेच आहे.

गाव हसेल का?

मागच्या महिन्यात एका गड्याने आम्हाला पारावर विचारले, "गुर्जी, गड्यानं चूल फुकली तर गाव हसंल की." आम्ही त्याला विचारले, "गावच्या भंडाऱ्याला आमटीच्या कढईत फावड्याएवढा डाव कोण फिरवतो?" तो म्हणाला, "आमीच." "लग्नात बुंदी कोण पाडतो?" म्हणाला, "आचारी. गडीच की." "वारीच्या दिंडीत भाताच्या हंड्याखाली जाळ कोण घालतो?" म्हणाला, "बाप्यापण घालत्यात."

मग हजारांचे रांधताना लाज नाही, आणि घरातल्या दोघांचे रांधताना लाज कसली?

तो गडी गप्प झाला. पण परवा त्याची बायको विहिरीवर सांगत होती म्हणे, की आमच्या मालकांनी काल पिठलं केलं, गुठळ्या झाल्या, पण केलं. मंडळी, गुठळ्या फुटतील. सुरुवात झाली हे मोठे.

हे आम्ही म्हाताऱ्यांसाठीच सांगत नाही. इथे नुकतीच लग्ने झालेली पोरे बसली आहेत. तुमच्या घरातही दोघेच आहात. दोघेही दिवसभर राबता. मग एकाने पीठ मळावे, दुसऱ्याने भाजी चिरावी. अर्ध्या तासात जेवण होते. आम्ही जे अडतीस वर्षांनी शिकलो, ते तुम्ही पहिल्या वर्षी शिका.

शेवटची गोष्ट

आता वर्गाची वेळ होत आली. कारभारणीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो.

तिने गोळ्या नियमाने घेतल्या. रात्रीचे जेवण आम्ही चुकू दिले नाही. तीन महिन्यांनी रक्त १० झाले. सहा महिन्यांनी साडेअकरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवा." १२ पूर्ण व्हायला आणखी तीन महिने लागले. तो आकडा आम्ही वहीत तांबड्या शाईने लिहिला आहे.

पण आम्हाला जास्त आठवतो तो दुसरा दिवस. भाकरी जमायला लागल्यावर एका रात्री आम्ही दोन ताटे वाढली आणि तिला म्हणालो, "बस." ती बसेना. म्हणाली, "तुम्ही आधी जेवा. मी मागनं बसते." आम्ही म्हणालो, "आता मागनं नाही. बरोबर." ती बसली, पण घास उचलेना. आम्ही तव्यावरची भाकरी काढून तिच्या ताटात टाकली. ती भाकरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून तव्यावरची भाकरी माझ्या ताटात पहिल्यांदा पडली."

आमचे लग्न १९८० सालचे. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एवढेच करा. लहान पातेले काढा. एक वाटी तांदूळ मोजा, अर्धी वाटी डाळ मोजा. दोन ताटे घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवा. दोघांत जेवढे असेल तेवढे सारखे वाढा. आणि घरात कोणी म्हणाले, "दोघांसाठी कशाला चूल पेटवायची?" तर त्याला सांगा, "दोघे आहोत, म्हणूनच पेटवायची."

उद्या वर्गात येताना प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहून आणावी: काल रात्री आपल्या घरात कोण काय जेवले. सगळ्यांची नावे लिहावीत. एकही नाव गाळू नये.

राम राम.